युद्धाचा निर्णय आणि संसदेचे दायित्व

(डोंबिवली येथील एका व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकारांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



‘युद्धाचा निर्णय आणि संसद’ हा विषय घेऊन मी येणार असे कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी मला विचारले, “हा विषय दिल्लीचा. डोंबिवलीच्या श्रोत्यांना त्याचे काय?” एरवी मलाही हा प्रश्न पटला असता. परंतु २२ एप्रिल २०२५ नंतर असे म्हणण्याची सोय डोंबिवलीला उरलेली नाही. पहलगामजवळच्या बैसरनमध्ये जे सव्वीस जण मारले गेले, त्यांतले तिघे या शहराचे होते. सुट्टीसाठी सहकुटुंब गेलेली ही माणसे. धर्म विचारून मारली गेली. भागशाळा मैदानात त्यांचे अंत्यदर्शन घेण्यासाठी लोटलेल्या गर्दीत मीही उभा होतो. त्या गर्दीत घोषणा होत्या, हुंदके होते, आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता : देश याचे उत्तर देणार की नाही?

देशाने उत्तर दिले. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. आपण अभिमानाने म्हणतो, ‘देशाने उत्तर दिले.’ मला आज या वाक्यातल्या ‘देश’ या शब्दाविषयी बोलायचे आहे. शस्त्र उचलायचे, हा निर्णय देशाच्या वतीने कोण घेतो? कोणत्या अधिकाराने घेतो? आणि कारवाई संपल्यावर तो कोणाला हिशेब देतो?

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. शस्त्र उचलण्याचा निर्णय सरकारनेच घ्यावा, वेगाने घ्यावा, गुप्तपणे घ्यावा. त्यात सभागृहाने लुडबुड करू नये. परंतु त्या निर्णयाचा हिशेब ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे मांडणे हे सरकारवर बंधनकारक असावे, मग सरकार कोणाचेही असो. ‘कोणाचेही’ या शब्दावर माझा भर आहे.

ठाण्याच्या किल्ल्याचा धडा

या प्रश्नाचा पहिला धडा शोधण्यासाठी आपल्याला वॉशिंग्टनला किंवा लंडनला जावे लागत नाही. डोंबिवलीहून लोकल पकडून ठाण्याला उतरले की पुरे. आज जेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तो मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. चिमाजीअप्पांच्या ज्या मोहिमेचा शेवट १७३९ मध्ये वसईच्या विजयाने झाला, तिची ही सुरुवात. पुढे याच कारागृहात, अंदमानला रवाना होण्यापूर्वी, स्वातंत्र्यवीर सावरकरांना ठेवले होते.

या किल्ल्याच्या इतिहासातले एक प्रकरण आपल्याला शाळेत फारसे शिकवले जात नाही. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुण्यात बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि राघोबादादा गादीसाठी इंग्रजांच्या दाराशी गेले. मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी आणि वसईवर कित्येक वर्षे होताच. पण त्यांच्या वाटेत एक नवी अडचण उभी राहिली होती. १७७३ मध्येच ब्रिटिश पार्लमेंटने रेग्युलेटिंग अॅक्ट केला. त्या कायद्याने मुंबई आणि मद्रास यांच्या कौन्सिलांना कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल व कौन्सिलच्या संमतीवाचून एतद्देशीय सत्तांशी युद्ध किंवा तह करण्यास मनाई केली. लंडनहून खास हुकूम आला असेल, किंवा संमतीची वाट पाहणे धोक्याचे ठरेल इतकी निकड असेल, तेवढाच अपवाद ठेवला.

मुंबईकरांनी या अपवादाचा आधार घेतला. पोर्तुगीजांचे आरमार साष्टी परत घ्यायला येत आहे, थांबलो तर मुलूख हातचा जाईल, असे सांगून विल्यम हॉर्नबीच्या कौन्सिलने फौज पाठवली आणि डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतला. आतल्या मराठी शिबंदीपैकी पुष्कळ माणसे कापली गेली. त्यानंतर मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह झाला. ही हकीकत कलकत्त्याला पोहोचली तेव्हा तिथल्या कौन्सिलने हे युद्ध अनधिकृत आणि अन्याय्य ठरवले, कर्नल अप्टनला पुण्याला पाठवले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला.

कायदा पार्लमेंटचा होता. तो मोडला गेला हे वरिष्ठ कौन्सिलने मान्य केले होते. मग ठाणे परत मिळाले का? नाही. पुरंदरच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. इकडे लंडनच्या संचालकांनी मुंबईकरांचीच बाजू उचलून धरली. पुढे वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना नाक घासावे लागले, तरी १७८२ च्या सालबाईच्या तहातसुद्धा वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी मात्र गेली ती गेलीच. १७८४ मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यातच लिहून ठेवले की, हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणे हे त्यांच्या राष्ट्राच्या इच्छेला आणि प्रतिष्ठेला धरून नाही. तेहेतीस वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण लागले!

या कथेतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की, युद्धावर अंकुश ठेवणारा कायदा नुसता लिहून भागत नाही. ‘तातडी’ या शब्दाची पळवाट असेल आणि मागाहून हिशेब घेणारा कोणी खमक्या नसेल, तर असा कायदा कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे आणि ती अधिक बोचरी आहे. सुरतेच्या तहावर सही कोणाची होती? साष्टी आणि वसई ज्यांच्या रक्ताने मिळाली होती, त्यांना न विचारता एका माणसाने, आपल्या गादीसाठी, तो मुलूख लिहून दिला. बारभाईंमध्ये हेवेदावे होते, दोष होते. परंतु राज्याचा निर्णय एकट्याच्या मर्जीवर सोडायचा नाही, ही जाण त्यांच्यापाशी होती. राघोबादादांपाशी शौर्य होते. अटकेपर्यंत ज्यांची घोडी गेली, त्यांना भित्रे कोण म्हणेल? पण शूर माणूसही, त्याला जाब विचारणारे कोणी नसेल तर, राज्य गहाण टाकू शकतो.

एका सहीने मुलूख जाऊ नये

स्वतंत्र भारताच्या घटनेने हा धडा किती घेतला? निम्मा घेतला, असे मी म्हणेन.

१९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझखान नून यांच्यात करार झाला. त्यात बंगालमधील बेरुबारीचा निम्मा भाग पाकिस्तानला देण्याचे ठरले. पश्चिम बंगालमध्ये असंतोष उसळला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले आणि १९६० मध्ये न्यायालयाने सांगितले की, भारताचा प्रदेश परक्या देशाला द्यायचा तर नुसता करार पुरत नाही, घटनादुरुस्ती लागते. त्यासाठी नववी घटनादुरुस्ती करावी लागली. म्हणजे सुरतेचा तह आज कोणा पंतप्रधानाने करायचे म्हटले, तर त्याला संसदेत यावे लागेल, दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत मिळवावे लागेल. २०१५ मध्ये बांगलादेशाशी वेढलेल्या गावांची अदलाबदल झाली ती याच मार्गाने, शंभराव्या घटनादुरुस्तीने.

अर्थात पळवाट येथेही आहे. १९७४ मध्ये कच्चथीवू बेट श्रीलंकेच्या बाजूला गेले ते घटनादुरुस्तीवाचून. हा प्रदेश देणे नाही, वादग्रस्त सीमेची आखणी आहे, अशी त्यामागची भूमिका. शब्द बदलला की संसद टळते, हे ध्यानात ठेवावे.

आणि प्रदेश नेहमी सहीनेच जातो असेही नाही. अक्साई चीन कोणत्या करारावर सही करून गेले? चीनने तिथून रस्ता काढला आणि त्याची वाच्यता संसदेत झाली ती ऑगस्ट १९५९ मध्ये. तोपर्यंत देश ‘पंचशील’ या शब्दाच्या गुंगीत होता. तिबेटविषयीचा करार १९५४ चा. त्यात आपण तिबेटमधील आपले वारशाने आलेले हक्क सोडले आणि त्या बदल्यात सीमेविषयी चीनकडून काहीही लिहून घेतले नाही. उतावळे युद्ध जितके घातक, तितकीच बेसावध शांतताही घातक. आणि दोहोंचे मूळ एकच : राज्यकर्त्याला वेळेवर प्रश्न विचारले न जाणे.

घटना काय सांगते?

आता घटनेकडे वळू. कलम ५३ प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. परंतु त्याचा वापर कायद्याने विनियमित व्हावा, असे तेच कलम सांगते. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पहिलीच नोंद देशाच्या संरक्षणाची आहे आणि पंधरावी नोंद ‘युद्ध व शांतता’ अशी आहे. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा संसदेचा अधिकार निर्विवाद आहे. मात्र युद्ध पुकारण्यापूर्वी किंवा नंतर संसदेची संमती घ्यावी, असा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. त्यामुळे प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळाचा, किंबहुना मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीतील मोजक्या मंत्र्यांचा असतो.

एक दरवाजा मात्र घटनेने ठेवला आहे. युद्ध किंवा परकीय आक्रमण या कारणास्तव कलम ३५२ खाली आणीबाणी घोषित झाली, तर ती घोषणा एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने संमत करावी लागते आणि दर सहा महिन्यांनी तिला पुन्हा संमती लागते. ही कडक रचना आली १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. १९७५ च्या आणीबाणीत ज्यांनी तुरुंगवास भोगला, अशी कितीतरी माणसे त्या लोकसभेत बसली होती. त्यांत आपल्या ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी होते. सत्तेवर अंकुश का हवा, हे या मंडळींना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पण गंमत पाहा. परकीय आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी घोषित झाली ती १९६२ मध्ये आणि १९७१ मध्ये. त्यानंतर श्रीलंकेत शांतिसेना गेली, कारगिल झाले, बालाकोट झाले, सिंदूर झाले. एकदाही कलम ३५२ चा वापर झाला नाही. होऊही नये, नागरिकांच्या हक्कांवर गदा आणण्याचे कारणच नव्हते. परंतु त्यामुळे असे झाले की, संसदेपुढे येणे भाग पाडणारा घटनेतला एकमेव दरवाजा गेल्या अर्धशतकात युद्धासाठी उघडलाच नाही. सरकार संसदेपुढे आले ते स्वेच्छेने, सोयीने. १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार करताना आणि तिथे सैन्य पाठवताना संसदेची आधी संमती घेतली गेली नव्हती. आपले अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले. कशासाठी, या प्रश्नाला त्यांच्या घरच्यांना आजही समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

अटलजींची मागणी

युद्ध चालू असताना संसद बोलावणे हे देशविघातक आहे, शत्रूच्या हाती कोलीत देणे आहे, असे आपल्यातले काहीजण मनापासून मानतात. त्यांना मी एक आठवण करून देतो.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. तेव्हा संसदेचे अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी करणाऱ्यांत जनसंघाचे एक तरुण राज्यसभा सदस्य होते. त्यांचे नाव अटलबिहारी वाजपेयी. नेहरूंच्या धोरणाचे ते कडवे टीकाकार. पण येथे नेहरूंना श्रेय दिले पाहिजे, त्यांनी ती मागणी मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. सीमेवर तोफा धडधडत होत्या आणि लोकसभेत दीडशेहून अधिक सदस्य बोलले. सरकारवर तिखट टीका झाली. आणि १४ नोव्हेंबरला, आक्रमकाला भारतभूमीवरून हुसकावून लावण्याचा ठराव त्याच सभागृहाने एकमुखाने केला. टीका आणि एकजूट यांत विरोध नाही, हे त्या आठवड्याने दाखवले.

त्या काळातल्या दबावाचा परिणामही झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले; हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण तेव्हापासून म्हणतो. सव्वाआठ लाखांची सेना आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनचे हवाई दल असा आराखडा ठरला. १९६५ मध्ये पाकिस्तानने हल्ला केला तेव्हा जो भारत उभा होता, तो १९६२ चा नव्हता. संसदेतला जाब हा सैन्याच्या पाठीत खुपसलेला खंजीर नसतो. कधी कधी तोच सैन्याच्या अंगावरचे चिलखत होतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी केली. १९६३ मध्ये अहवाल सादर झाला. तो संसदेपुढे कधीच ठेवला गेला नाही. काँग्रेसच्या सरकारांनी ठेवला नाही, आणि आपल्या विचारांच्या सरकारांनीही ठेवला नाही. हे वाक्य या व्यासपीठावरून बोलताना मला बरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

एक कबुली

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध पेटले तेव्हा लोकसभा विसर्जित झालेली होती. एका मताने पडलेले अटलजींचे सरकार काळजीवाहू म्हणून काम पाहत होते. राज्यसभा मात्र कधीच विसर्जित होत नाही. तिचे खास अधिवेशन बोलवा, अशी मागणी विरोधकांनी केली. ती मान्य झाली नाही. मी तेव्हा वृत्तपत्रात लिहीत असे. ही मागणी निव्वळ राजकीय आहे, द्रास-बटालिकमध्ये जवान लढत असताना असली अधिवेशने कशाला, अशा अर्थाचे मी लिहिले होते. वाचकांची पसंतीची पत्रे आली. मला धन्य वाटले.

आज मला तसे वाटत नाही. १९६२ मध्ये अटलजींनी जे मागितले, तेच १९९९ मध्ये त्यांच्या सरकारकडे मागितले जात होते. मागणाऱ्याचा हेतू राजकीय असेलही. परंतु मागणी रास्त की गैर हे मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरत नाही. मी माणूस पाहिला, मागणी पाहिली नाही.

अटलजींच्या सरकारने पुढे जे केले, ते मात्र मोठ्या मनाचे होते. युद्ध संपताच, जुलै १९९९ मध्ये, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली. सहा-सात महिन्यांत तिचा अहवाल, काही गोपनीय भाग वगळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. घुसखोरीचा सुगावा का लागला नाही, गुप्तचर यंत्रणेत कुठे भोके होती, हे देशाने वाचले. विजयानंतर स्वतःची चौकशी करायला धैर्य लागते. पराभवाचा अहवाल साठ वर्षे दडलेला आणि विजयाचा अहवाल काही महिन्यांत उघड, हा फरक केवळ पक्षाचा नाही, वृत्तीचा आहे. ती वृत्ती आपण नियम म्हणून मागितली पाहिजे, कृपा म्हणून नव्हे.

आणखी एक उदाहरण. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील अमेरिकेच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला. हिंदीत ‘निंदा’ शब्द होता, इंग्रजीत जरा मऊ शब्द होता. त्यावरही चर्चा झाली. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितले. मैत्री वाढत होती, मोह होता. जुलै २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावाचून सैन्य पाठवणार नाही, असा निर्णय सरकारने घेतला. बलाढ्य मित्राला नकार देताना ‘आमच्या संसदेची इच्छा अशी आहे’ हे सांगता येणे, ही केवढी मोठी ढाल आहे! संसद सरकारचे हात बांधते असे आपण समजतो. वास्तविक ती सरकारचे हात बळकट करते.

अग्रक्रम कोण ठरवतो?

युद्धाचा निर्णय एका रात्रीत होतो, पण त्याची तयारी वीस वर्षे आधी अंदाजपत्रकात होते. म्हणून परराष्ट्रनीती आणि संरक्षण यांची सांगड हा मुळात संसदेचा विषय आहे.

ही सांगड सर्वांत आधी, सर्वांत निर्भीडपणे कोणी दाखवली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ऑक्टोबर १९५१ मधल्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला : सुमारे ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातून १८० कोटी सैन्यावर जातात, आणि हा बोजा आपल्या परराष्ट्रनीतीचा परिणाम आहे, कारण संकटात उपयोगी पडेल असा मित्रच आपण जोडलेला नाही. ते निवेदन सभागृहात करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. बाहेर येऊन त्यांनी ते प्रसिद्ध केले. घटनेच्या शिल्पकाराला जो प्रश्न सभागृहात विचारता आला नाही, तो प्रश्न अकरा वर्षांनी चीनने विचारला.

आज काय चालते? २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होती. कलम ११४ प्रमाणे संसदेच्या संमतीवाचून यातला एक रुपयाही काढता येत नाही. कागदावर केवढा मोठा अधिकार! पण कित्येक वर्षी संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना, इतर मागण्यांसह एकगठ्ठा मंजूर होतात. काम होते ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत. मार्च २०१८ मध्ये या समितीने देशापुढे ठेवले की, सेनेची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते, आधुनिकतम म्हणावी अशी जेमतेम ८ टक्के आहे. समितीचे अध्यक्ष कोण होते? मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, भारतीय जनता पक्षाचे खासदार. सरकार स्वपक्षाचे असताना त्यांनी हे लिहिले. असा माणूस सरकारला अडचणीचा वाटतो, पण सीमेवरच्या जवानाला तो आपला वाटतो. मला विचाराल तर, राष्ट्रभक्तीची कसोटी हीच आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत.

पहिला, गुप्ततेचा. मंत्रगुप्ती हा कौटिल्याचा आग्रह होता आणि तो रास्तच आहे. पण त्याच कौटिल्याने राजाने तीन-चार मंत्र्यांशी मसलत करावी, एकट्याने ठरवू नये, असेही सांगितले. शिवाय लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहेच. कारवाईपूर्वीचे गुपित आणि कारवाईनंतरचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा, वेगाचा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अध्यक्षाला सैन्य उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवावे लागते आणि संमती नसेल तर साधारण साठ दिवसांत सैन्य मागे घ्यावे लागते. तिथले अध्यक्ष या कायद्याशी सतत झगडतात. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये कॉमन्स सभागृहाने सीरियावरील कारवाईचा ठराव फेटाळला आणि पंतप्रधानांना थांबावे लागले. ज्यांच्या सीमा सुरक्षित आहेत अशा देशांना हे परवडते. दोन अण्वस्त्रधारी शेजारी उशाशी असलेल्या भारताने पूर्वसंमतीचा नियम घेऊ नये, असेच माझेही मत आहे. मी पूर्वसंमती मागत नाही. उत्तरदायित्व मागतो आहे.

तिसरा, विरोधक त्याचे राजकारण करतील हा. करतील. पण ऑपरेशन सिंदूरनंतर काय झाले ते आठवा. खास अधिवेशनाची मागणी मान्य झाली नाही. चर्चा झाली ती पावसाळी अधिवेशनात, २८ जुलैला लोकसभेत सुरू झाली. म्हणजे कारवाईनंतर ब्याऐंशी दिवसांनी. तोपर्यंत युद्धविराम कोणी घडवला याविषयी अमेरिकेचे अध्यक्ष रोज काही ना काही बोलत होते. कोणत्याही जागतिक नेत्याने भारताला कारवाई थांबवायला सांगितले नव्हते, हे पंतप्रधानांनी २९ जुलैला सभागृहात सांगितले आणि ते संसदेच्या कामकाजात कायमचे नोंदले गेले. पहलगामचे मारेकरी आदल्याच दिवशी मारले गेल्याचे गृहमंत्र्यांनी त्याच सभागृहात जाहीर केले. डोंबिवलीच्या त्या तीन घरांना जे उत्तर हवे होते, ते देशाच्या सर्वोच्च सभागृहातून मिळाले. ते उत्तर मे महिन्यातच का सुरू होऊ नये? दरम्यान सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर पाठवली. त्यांतल्या एकाचे नेतृत्व आपल्या कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांनी केले. जे खासदार परदेशांत देशाची बाजू मांडायला विश्वासाचे ठरले, ते आपल्याच सभागृहात ती ऐकायला अपात्र कसे ठरतील?

आपण काय करायचे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. सशस्त्र कारवाई झाली की एक महिन्याच्या आत सरकारने दोन्ही सभागृहांपुढे निवेदन करून त्यावर चर्चा घ्यावी, गरज पडल्यास गुप्त बैठकीत. महिन्याची मुदत मी मनाने ठरवलेली नाही. ती कलम ३५२ मध्येच आहे. प्रत्येक कारवाईनंतर सुब्रह्मण्यम समितीसारखा आढावा घेऊन अहवालाचा उघड करण्याजोगा भाग संसदेपुढे ठेवावा. आणि संरक्षणाच्या मागण्या दरवर्षी चर्चेवाचून मंजूर होऊ नयेत. यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. साधा कायदा पुरे, किंबहुना चांगली प्रथाही पुरे.

बंधुभगिनींनो, कल्याणच्या खाडीकाठी, दुर्गाडीच्या परिसरात शिवछत्रपतींनी आरमाराचा पाया घातला, याचा आपल्याला अभिमान आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी त्या आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. ते अंग उभे करायला लाकूड किती, पैसा किती, कोणत्या बंदरात किती गलबते, हा हिशेब ठेवणारी व्यवस्था होती म्हणून ते टिकले. शौर्य आणि हिशेब ही स्वराज्यात दोन वेगळी खाती नव्हती.

रामभाऊ म्हाळगी लोकप्रतिनिधी म्हणून केलेल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांच्या हाती देत. कोणी मागितला म्हणून नव्हे. ज्यांनी पाठवले त्यांना हिशेब देणे हा आपला धर्म आहे, असे ते मानत म्हणून. मार्च १९८२ मध्ये ते गेले तेव्हा ते ठाण्याचेच खासदार होते. हाच संस्कार युद्धाच्या निर्णयाला लागू करा, एवढेच माझे मागणे आहे. आपला खासदार भेटेल तेव्हा त्याला रस्ता, पाणी, लोकलची गर्दी यांविषयी जरूर विचारा. पण एक प्रश्न आणखी विचारा : “संरक्षणाच्या मागण्यांवर तुम्ही यंदा काय बोललात?” आपले सरकार असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा. कारण परक्यांना जाब विचारणारे पुष्कळ असतात. आपल्या माणसाला विचारायला आपणच लागतो.